खुर्चीवरचं पीठ

केळीच्या चिकाचे डाग नसलेला सदरा माझ्या वडिलांच्या अंगावर मी लहानपणी कधी पाहिला नाही. चीक ओला असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळा पडतो आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही. आई चुलीची राख लावायची, लिंबू घासायची आणि शेवटी म्हणायची, "जाऊ द्या, डागावरून माणूस तरी ओळखू येतो." आबा रावेरकडे केळी कापणीच्या टोळीत होते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घड, पायाखाली चिखल. बागेतून ट्रॅक्टरपर्यंत आणि ट्रॅक्टरमधून ट्रकपर्यंत. आई कापूस वेचायची. एक खोली, एक दिवा, आणि कुणाचं दुखलं-खुपलं तर त्या दिवशी पातळ पिठलं. मुकादमाच्या वहीत आबांची हजेरी लागायची, पण त्या वहीत काय लिहिलंय ते आबांना वाचता यायचं नाही. पाच दिवस काम करून चारच दिवस मांडले तरी ते वही उलटीसुलटी बघून मान हलवायचे. मी तिसरीत गेल्यावर पहिल्यांदा ती वही वाचली आणि मुकादमाला तोंडावर सांगितलं की मंगळवार राहिलाय. त्याने मंगळवार लिहिला. त्या दिवसापासून मी दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, वाचता आलं पाहिजे. दुसरी, कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

पहिल्या गोष्टीने मला धुळ्याच्या कॉलेजपर्यंत नेलं. आमच्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. दुसऱ्या गोष्टीने मला काय काय करायला लावलं, ते मात्र आजवर सांगितलं नव्हतं. ते या प्रकरणात लिहिते.

तेव्हा आम्ही जळगावला मेहरूणमध्ये राहत होतो. माझे मिस्टर धुळ्याला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. शनिवारी संध्याकाळी येत, सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने जात. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करत होते. दवाखान्यांतून आलेले कागद स्कॅन होऊन माझ्या पडद्यावर यायचे. नाव, तारीख, डॉक्टरची सही, शिक्का, सगळं जुळतंय का ते बघायचं आणि बटण दाबून पुढच्या माणसाकडे पाठवायचं. कागद थोडा वेळ तसाच राहिला तर 'पुढे पाठवू का?' अशी मोठी चौकट पडद्याच्या मधोमध यायची. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या नावापुढे एक बारका दिवा असायचा. मी काम करत असले की हिरवा, पाच मिनिटं हात थांबला की पिवळा. तो दिवा पुण्यात बसलेल्या आमच्या दीपा मॅडमना दिसायचा. मुकादम बदलला होता, एवढंच.

त्याच वर्षी तनूचं झालं. तनू माझी मुलगी, सात वर्षांची, दुसरीत होती. तिच्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं आणि इंग्रजीत काहीतरी सांगून झाल्यावर मराठीत म्हणाल्या, "मूल जरा मंद आहे. वर्गात लक्ष नसतं, बघत असते इकडेतिकडे. पुन्हा पहिलीत बसवा." मी म्हटलं, "माझं मूल मंद नाही." आणि दाखला मागितला. रागाच्या भरात मागितला, हे खरं. पण तो परत द्यायला गेले नाही. घराजवळच्या मराठी शाळेतल्या मोठ्या बाईंना भेटले. त्यांनी सरळ सांगितलं, "वर्ष मध्यावर आलंय. आत्ता घरी शिकवा. जूनमध्ये मी हिच्याकडून एक धडा वाचून घेईन आणि स्वतःच्या मनाने पाच वाक्यं लिहून घेईन. जमलं तर हिच्या वयाच्या मुलांबरोबर तिसरीत. नाही जमलं तर मागच्या वर्गात. चालेल?" मी म्हटलं, चालेल. घरी येताना स्कूटरवर तनूने विचारलं, "आई, मंद म्हणजे काय?" मी गाडी थांबवली नाही.

आई गेल्यावर आबा आमच्याकडे राहायला आले होते. आले म्हणण्यापेक्षा मी आणले. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणाऱ्या पिढीतला तो माणूस. तनू झाल्यावर पाणी प्यायला लागले, पण रोजचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही. म्हणून ते कामं शोधायचे. पाणी भरायचे, तुरीची डाळ निवडायचे, मेथी खुडायचे, बाजारातून भरताची हिरवी वांगी आणायचे आणि एकेक वांगं मला वर धरून दाखवायचे. जेवायला बसताना म्हणायचे, "आज डाळ निवडली मी." म्हणजे आजची भाकर माझ्या हक्काची. मला त्याचा राग यायचा. आता कळतं, तो राग नव्हता, लाज होती.

आमचा दिवस असा असायचा. सकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि ठेचा करून मी नऊला आतल्या खोलीत खुर्चीवर बसायची, कानाला हेडफोन. तनू बाहेर आबांजवळ शुद्धलेखनाची पानं काढायची. कुकरची शिट्टी झाली की मी आवाज बंद करायची, शिट्टी संपली की चालू. अकरा वाजता उठून स्वयंपाकघरात जायची आणि पाठ दरवाजाकडे करून, तनूला समोर बसवून चाळीस मिनिटं शिकवायची. ही चाळीस मिनिटं कंपनीची होती. जेवणाची सुट्टी दीडला होती, ती वेगळी. पण दुपारी तनूला झोप यायची आणि संध्याकाळी मला डोळे उघडे ठेवता यायचे नाहीत. अकराची वेळच तिची होती. मी मनाशी म्हणायची, संध्याकाळी उशिरापर्यंत बसून भरून काढते. काढायचीही. पण विचारलं कुणाला नव्हतं. पहिल्या आठवड्यात दिवा पिवळा झाला आणि दीपा मॅडमचा निरोप आला, "रोज अकरा वाजता कुठे जाता?" मी घाबरले. जेवताना आबांसमोर बोलले, "तो दिवा हिरवा राहायला पाहिजे. पिवळा झाला की नोकरी जाईल माझी." आबांनी विचारलं, "कोन बघतं दिव्याले?" मी म्हटलं, "पुण्याची मॅडम. मुकादमच समजा." आबा भाकरी मोडून ठेच्याला लावत राहिले.

त्यानंतर दिवा पिवळा झाला नाही. मी शिकवून परत यायची तेव्हा हिरवाच असायचा. मला वाटलं, पुण्याहून काहीतरी सैल केलं असेल. खरं सांगते, मी फार विचारच केला नाही. ज्या गोष्टीने माझी सोय होत होती, तिच्यावर मी शंका घेतली नाही. बाकी सगळ्या जगावर घेतली.

सगळ्यात जास्त घेतली वंदनाताईंवर. वंदनाताई म्हणजे माझी मोठी नणंद, मागच्याच गल्लीत राहायच्या. माझं सासर धुळ्याकडचं, त्यामुळे त्यांच्या तोंडी अहिराणी. रोज अकराच्या सुमाराला गिरणीवर जाताना आणि पाऊण तासाने परत येताना त्या आमच्या ओसरीवर टेकायच्या. "काय करी ऱ्हायनी व उज्ज्वला? बठ्ठा दिन खुर्चीवर बसीसन कंबर दुखत नही का तुनी?" असं म्हणून हसायच्या. मला ते हसणं टोचायचं. त्यांनीही टायपिंगची परीक्षा दिली होती. माझ्याच कंपनीत अर्ज केला होता, त्यांचा झाला नाही, माझा झाला. त्यामुळे त्या आल्या की मी कान लावून असायची. बाहेर आबांशी काय बोलतात? आतल्या खोलीत का डोकावतात? "वायफाय जोरमा शे का तुनं?" असं का विचारतात? धुळ्याला मिस्टरांना फोन केला की म्हणायची, "तुमची बहीण फार चौकशा करते." ते म्हणायचे, "अगं, एकटी असते ती दिवसभर." मग मला मिस्टरांवरही संशय यायचा, की बहिणीची बाजू का घेतात. आणि तनूवर तर रोजच. शिकवताना तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे जायची. मी म्हणायची, "तनू, वहीत बघ." ती वहीत बघायची, दोन ओळींनी पुन्हा मागे. एकदा मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच मनात आलं, त्या शाळेतल्या बाई खरंच तर बोलल्या नसतील ना? तो एक विचार मला सगळ्यांपेक्षा जास्त छळायचा.

मार्च संपता संपता दीपा मॅडमचा फोन आला. निरोप नाही, फोन. आवाज थंड.

"उज्ज्वला, तुमच्या आयडीवरून गेलेले काही कागद चुकलेत. एकाची सही नाही, एकाची तारीख पुढच्या वर्षाची, एकावर तर पेशंटचं नावच दुसरं. सगळे न तपासता पुढे गेलेत."

"मी असं करणार नाही, मॅडम."

"मलाही तसंच वाटतं. तुमचं काम मला माहितीय. म्हणून वेळा काढल्या. सगळे अकरा ते पावणेबाराच्या मधले. तुमच्या जागेवर दुसरं कोणी बसतं का?"

"नाही."

"नीट विचार करून सांगा. स्वतःच्या आयडीवर दुसऱ्याला बसवणं म्हणजे काय, ते तुम्ही सही केलेल्या कागदात लिहिलंय. शुक्रवारपर्यंत मला लेखी द्या."

तो सोमवार होता. फोन ठेवल्यावर मी हेडफोन काढायचाही विसरले. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. अकरा वाजता घरात येणारं, टायपिंग येणारं, आणि माझी नोकरी गेली तर जिचं काही बिघडणार नाही असं. संगणकाला कुलूप लावून उठायचं मला सुचलं नाही असं नाही. पण मला चोर थांबवायचा नव्हता, पकडायचा होता.

दुसऱ्या दिवशी अकराला उठताना मी खुर्चीच्या निळ्या गादीवर ज्वारीचं पीठ चाळणीने भुरभुरवलं. बारीक, दिसेल न दिसेल असं. आत जाऊन तनूला शिकवायला बसले, पण कान सगळे बाहेर. वंदनाताईंचा आवाज आला, आबांचं खोकणं आलं, मग बराच वेळ काहीच नाही. तनू मागे बघायला लागली तेव्हा मीच तिला म्हटलं, "गप बस." पावणेबाराला बाहेर आले. गादीवरचं पीठ पुसलं गेलं होतं, बसल्यासारखं. आणि ओसरीवर वंदनाताई उठून निघाल्या होत्या. त्यांच्या हिरव्या साडीला मागून पांढरं पीठ लागलेलं.

मी त्यांना दारात अडवलं. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण "माझ्या पोटावर पाय द्यायला बसला होता" हे आठवतं, आणि "सर्टिफिकेट असून नोकरी मिळाली नाही म्हणून" हेही आठवतं. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. वंदनाताईंचा चेहरा आधी गोंधळलेला झाला, मग लाल.

"तू माले चोर समजनी?"

"साडीवरचं पीठ बघा."

"गिरणीवरून ई ऱ्हायनू व मी! पिठाना डबाले टेकीसन बसनू व्हतू तठे!" त्यांनी डबा उचलून माझ्यासमोर आदळला. झाकणाच्या कडेने पीठ सांडलं. "रोज तुना बापले एकटं वाटू नये म्हणीसन येस मी. आते येत नही."

आबा मध्ये आले. "उज्जे, असं बोलू नही माय. ती आत गेली नही, मी सांगतो ना." मी त्यांना म्हटलं, "तुम्हाला काय कळतं त्यातलं, आबा? तुम्ही गप बसा." तोंड उघडून मिटल्यासारखं झालं त्यांचं, आणि ते कोपऱ्यात जाऊन डाळ निवडायचं सूप घेऊन बसले. आबांचा पायजमा पांढरा होता. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बुधवारी वरण-बट्टी केली होती, ती तशीच राहिली. आबांनी अर्धी बट्टी खाल्ली आणि त्या दिवशी पहिल्यांदा काय काम केलं ते सांगितलं नाही.

गुरुवारी अकराला मी खोलीतून उठलेच नाही. तनूला आत बोलावून पायाशी बसवलं आणि म्हटलं, "माझे आबा, यावर पाच वाक्यं लिही. मला विचारायचं नाही. मोठ्या बाई विचारू देणार नाहीत." मला तिच्यापासून थोडी उसंत हवी होती, एवढंच. शुक्रवारच्या खुलाशात काय लिहायचं ते सुचत नव्हतं. वंदनाताईंचं नाव लिहायचं मी जवळपास ठरवलं होतं. अर्धं लिहूनही झालं होतं. तनूने वही पुढे केली. आजही ती वही माझ्या कपाटात आहे.

"माझे आबा रावेरचे आहेत. त्यांनी खूप घड उचलले. आबांना वाचता येत नाही पण ते हुशार आहेत. आई मला शिकवते तेव्हा आबा आईच्या खुर्चीवर बसतात. ते रोज दिवा हिरवा ठेवतात. मला ते सैपाकघरातून दिसतात."

पाच सांगितली होती, सहा लिहिली होती.

मी ते दोनदा वाचलं. मग तनूला विचारलं, "तू रोज मागे बघायचीस ते..." ती म्हणाली, "आबा तोंडावर बोट ठेवतात. म्हणून नाही सांगितलं. पण लिहू नको असं नव्हते म्हणाले."

आबा ओसरीवर होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. काय विचारायचं ते कळेना, म्हणून वहीच पुढे धरली, आणि मग आठवलं, म्हणून वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मी काही बिघाडलं का व माय?"

"तुम्ही बटणं दाबली का आबा?"

"एक पाटी येये मधात. मोठी. तिच्यावर दाबलं का जाये. नुसतं हलवत व्हतो मी तो हाताखालचा... तू हलवते ना, तसं. दिवा पिवळा होऊ देला नही एकबी दिवस." थोडं थांबून म्हणाले, "टोळीत असंच राहे. ट्रक भरताना आम्ही रांगीत उभं राहो. हातोहात घड. एखादी बाई लेकराले पाजाले गेली का बाजूचे दोघं हात लांब करत. तिची जागा खाली दिसू देत नसत. मुकादमानं पाहिलं का तिचा दिवस गेला. तू लेकराजवळ जाये रोज. मी म्हटलं, जागा आपण धरू. आयतं बसून खाण्यापरीस..."

मी लहान असताना आईही असंच मला पाजायला कापसाच्या रांगेतून गेली असेल. तिची जागा कुणी धरली असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मुकादमाची वही मला आठवत राहिली. ती रांग आठवली नव्हती.

आत येऊन मी अर्धा लिहिलेला खुलासा पुसून टाकला आणि शुक्रवारची वाट न बघता दीपा मॅडमना फोन लावला, समोरासमोर, कॅमेरा चालू करून. सरळ सांगितलं. रोज अकरा ते अकरा चाळीस मी जागेवर नसते, मुलीला शिकवते. विचारलं नाही, ही माझी चूक. कुलूप न लावता उठते, ही दुसरी चूक. माझ्या जागेवर माझे वडील बसले. त्यांना अक्षरओळख नाही. त्यांना वाटलं ते माझी हजेरी सांभाळतायत.

मॅडमनी विचारलं, "हे मी वरती कसं सांगू? कोणी विश्वास ठेवेल?"

मी तनूची वही कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांनी वाचली. मग म्हणाल्या, "जरा वर धरा, शेवटची ओळ दिसत नाही." ती वाचून झाल्यावर हसल्या नाहीत, पण आवाज बदलला. "आमच्याकडे माझी आई सांभाळते मुलाला," एवढंच म्हणाल्या. नंतर पुन्हा मुकादम झाल्या. लेखी ताकीद माझ्या फाईलला लागली. ती लागायलाच हवी होती. त्या वेळेतले सगळे कागद मी रविवारी बसून पुन्हा तपासायचे. आणि मुलीसाठी जी वेळ हवी ती लेखी मागायची, संध्याकाळी तेवढीच जास्त बसायचं. "आधी मागितली असतीत तर आधी दिली असती," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला ताकिदीपेक्षा जास्त लागलं. मागायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि समोरचा देईल असं मी कधी धरून चालले नव्हते.

संध्याकाळी वंदनाताईंच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं. सगळ्या गल्लीसमोर बोलले, सगळ्या गल्लीसमोर माफी मागते." आणि आबांचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. आबांनी मोठी पाटी आली की दाबली, हे ऐकताना त्यांनी तोंडाला पदर लावला.

"खुर्चीवर टाकाले पीठ शे तुनाकडे," त्या म्हणाल्या, "आन् येवढा दिन येस मी, तर 'ताई, एक भाकर खाई ल्या' म्हणीसन कधी म्हणनी नही तू."

मी म्हटलं, "उद्या या."

त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, पिठाचा डबा आमच्या दाराबाहेर ठेवून. "नही तर परत मनं नाव लागी," म्हणाल्या. आजही येतात तेव्हा दारातच साडी झटकतात, मुद्दाम माझ्याकडे बघत. मी ते सोसते. सोसलं पाहिजे.

आबांचं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. त्यांना खुर्चीवरून उठवलं तर पुन्हा डाळीच्या सुपाजवळ बसतील आणि आजची भाकर हक्काची की नाही ते मोजत राहतील. मी त्यांना म्हटलं, "अकराला मी शिकवते. पण चार वाजता तनूने वाचलेलं ऐकायला कुणी नाही. मी कामावर असते. ती जागा तुम्ही धरा." ते म्हणाले, "मले कुठं येतं वाचता? ती चुकली तर मले काय कळीन?" तनू म्हणाली, "गोष्ट कळली नाही तर सांगा. म्हणजे मी चुकले." असं ते दोघं बसायचे. तनू वाचायची, आबा मध्येच म्हणायचे, "थांब, त्या कोल्ह्याचं काय झालं? परत वाच." ती परत वाचायची. मी आत कागद तपासत असायची आणि हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून ठेवायची. त्या वेळी जेवताना आबा काम सांगत नसत. सांगायचे ते कोल्ह्याचं.

जूनमध्ये मोठ्या बाईंनी तनूला एक धडा वाचायला दिला आणि पाच वाक्यं लिहायला सांगितली. आबा शाळेच्या फाटकाशी उभे होते, धुतलेल्या सदऱ्यात. तनूने सात वाक्यं लिहिली. तिला तिसरीत प्रवेश मिळाला. माझी नोकरी राहिली, आणि अकरा ते अकरा चाळीस ही वेळ शाळा सुरू होईपर्यंत कंपनीच्या कागदावर माझ्या नावाने मंजूर होती.